असंभव आणि असत्य

चित्रपट पाहून माणूस बाहेर पडला, की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कसा वाटला?’ हा, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी कोणालाही क्षणभर थांबावे लागत नाही. शेजाऱ्याच्या वर्तनाबद्दल चार माणसांत बोलावयाचे झाले तर आपण जीभ आवरतो. चित्रपटाबद्दल बोलताना मात्र ती आवरण्याचे काही कारण आपल्याला दिसत नाही. तिकीट काढले की मत फुकट मिळते, अशी आपली एकूण समजूत. परंतु मत देणे ही निव्वळ आवडीनिवडीची बाब आहे, की त्यातही न्याय आणि अन्याय संभवतो, असा प्रश्न आम्हांला गेल्या पावसाळ्यात पडला. तो कसा पडला हे सांगणे भाग आहे, कारण त्या प्रसंगातील आमची स्वतःची वागणूक फारशी अभिमानास्पद नव्हती.

धारवाडला मालमड्डीत आमच्या एका स्नेह्यांचे जुने घर आहे. त्यांचे पूर्वज कृष्णाकाठाहून इकडे येऊन स्थायिक झाले, त्याला पाच-सहा पिढ्या झाल्या. माजघरात मराठी आणि अंगणात कानडी अशी आपल्यापैकी पुष्कळांच्या घराची जी रीत, तीच तेथली. महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ मंडळी तेथे जमतो, काही वाचतो, काही ऐकतो. त्या दिवशी स्नेह्यांच्या नातीने आग्रह धरला, की आज आपण एक चिनी चित्रपट पाहू. ती हुबळीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. चित्रपट होता अँग ली ह्या दिग्दर्शकाचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००). संवाद चिनी आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे. स्नेह्यांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सगळे घर ‘अक्का’ म्हणते, पंच्याऐंशीच्या घरातल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणून नात त्यांच्या शेजारी बसली आणि खालची ओळ न् ओळ मराठीत सांगू लागली.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे कथानक. चिनी साहित्यात ‘वूश्या’ नावाचा एक जुना कथाप्रकार आहे. ‘वू’ म्हणजे शस्त्र, युद्ध. आणि ‘श्या’ म्हणजे त्या शस्त्राला शीलाची जोड देणारा वीर. हे वीर भिंतीवरून चालतात, पाण्यावरून धावतात, झाडांच्या शेंड्यांवर तोल सावरून लढतात. ह्या चित्रपटातील ली मू बाय हा असाच एक थोर योद्धा तलवारीचा त्याग करू पाहतो आणि आपली ‘ग्रीन डेस्टिनी’ ही दुर्मीळ तलवार जिवाभावाच्या मैत्रिणीच्या, शू ल्येनच्या, हाती दुसऱ्याकडे सोपवितो. ती तलवार एका रात्री चोरीस जाते. चोर निघते एका राज्यपालाची तरुण कन्या, जेन. दुसऱ्याच्या इच्छेने ठरलेला विवाह तिला नको आहे, मोकळे आयुष्य हवे आहे. आणि तिने लपून युद्धविद्या शिकली आहे ती घरात दाईच्या वेषात राहणाऱ्या ‘जेड फॉक्स’ ह्या खुनी स्त्रीकडून. ह्या चित्रपटाला २००१ साली चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांतील उड्डाणे युएन वू-पिंग ह्यांनी बसविली होती. नटनट्यांना तारांनी टांगून ती चित्रित केली गेली आणि मागाहून संगणकाच्या साहाय्याने तारा पुसून टाकण्यात आल्या.

मध्येच चहासाठी चित्रपट थांबविला, आणि मते सुरू झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, चीनमध्ये गुरुत्वाकर्षण लागू नाही की काय? इतिहासाचे एक प्राध्यापक म्हणाले, ह्यात इतिहास नाही, चिंग राजवटीचे नुसते कपडे आहेत. स्नेही स्वतः नामांकित वकील; त्यांनी ‘थिल्लर’ एवढाच शब्द उच्चारला. आणि आम्ही? आम्ही म्हणालो, ‘ह्या माकडउड्यांत विचार शोधणे म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यासारखे आहे.’ सगळे हसले. नात काही बोलली नाही. रिकामे पेले गोळा करून आत गेली. तिने हौसेने समोर ठेवलेली वस्तू अर्धीच पाहून आम्ही बाजूला सारली होती, आणि ती सारताना चार माणसांना हसविण्याचा मोह आम्हांला आवरला नव्हता.

उरलेला अर्धा भाग पाहून झाल्यावर खोलीत थोडी शांतता होती. ती मोडली अक्कांनी. त्या म्हणाल्या, ‘ती पोरगी वाईट नव्हे की रे. तिला शिकवणारं माणूस वाईट भेटलं.’

नात म्हणाली, ‘पण अक्काआजी, त्या शिकवणारीला तरी कुणी शिकवलं होतं?’

अक्का थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘नाहीच की. दाराबाहेरच ठेवली तिला.’ आणि मग, जणू चित्रपटाबद्दलच बोलत आहोत अशा स्वरात, ‘आम्हीसुद्धा दाराआडूनच ऐकलं.’

ह्या शेवटच्या वाक्याचा अर्थ त्या घराला ठाऊक होता. चौथी झाल्यावर अक्कांची शाळा सुटली. धाकट्या भावासाठी, म्हणजे आमच्या स्नेह्यांसाठी, शिकवणीचे मास्तर ओसरीवर येत. अक्का आत धान्य निवडीत ते ऐकत. भाऊ पुढे कर्नाटक कॉलेजात गेला, वकील झाला. स्नेही म्हणाले, ‘अक्का, तू कधी बोलली नाहीस.’ त्यावर, ‘तू कधी विचारलंस?’ असे अक्का म्हणू शकल्या असत्या. तसे न म्हणता त्या एवढेच म्हणाल्या, ‘चहा निवतोय, घ्या.’

घरी परतताना आम्ही विचार करीत होतो, की एकाच खोलीत, एकाच पडद्यावर, एकच वस्तू पाहून आमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्यांना माकडउड्या दिसल्या आणि चौथी शिकलेल्या बाईला त्या उड्यांपलीकडचा एक बंद दरवाजा दिसला, हे कसे घडले? अक्कांना त्या उड्या असंभव वाटल्या नसतील, असे नाही. परंतु असंभव म्हणजे असत्य, ही गल्लत त्यांनी केली नाही. आम्ही ती केली.

वास्तविक ही गल्लत आपण करण्याचे काही कारण नव्हते. मराठी रंगभूमीचा जन्मच एका असंभव खेळाबद्दलच्या एका प्रेक्षकाच्या मतातून झाला आहे. कर्नाटकातील एका भागवत मंडळीचा खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला. त्यातील सोंगांचा ओबडधोबडपणा त्यांना खटकला. पण खटकला म्हणून त्यांनी तो प्रकार हसण्यावारी नेला नाही. आतील गाभा मोलाचा आहे, मांडणी सुधारली पाहिजे, असे त्यांना वाटले आणि तसे काही मराठीत करण्यास त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झाले. त्या नाटकांत राक्षस ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकून, तलवार परजीत, रंगभूमीवर थयथयाट करीत. आज आपण त्याला युद्धकलेचा अद्भुत खेळ म्हटले असते. सांगलीच्या अधिपतीने त्या कानडी खेळाला जो न्याय दिला, तो मालमड्डीत आम्हांला एका चिनी खेळाला देता आला नाही.

पुढे दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ (१९१७) आला. त्यातील हनुमान उडाला तो कॅमेऱ्याच्या करामतीने. आणि साळुंके ह्या एकाच पुरुष नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. तरी पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत. ते भोळे होते, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. पण भोळेपणाचा आरोप करावयाचा तर तो आपल्यावरही येतो. जी. ए. कुलकर्णी ह्यांनी आपल्या ह्याच धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करीत ज्या कथा लिहिल्या, त्यांतील ‘रमलखुणा’मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ ह्यांचे प्रदेश कोणत्या नकाशात आहेत? आपण तो नकाशा कधी मागितला नाही. त्या कथांतील माणसांचे दुःख खरे आहे, एवढे आपल्याला पुरले. मग चिनी योद्धा बांबूच्या शेंड्यावर उभा राहिला, की लगेच आपल्याला पदार्थविज्ञान का आठवावे? आपल्या घरच्या अद्भुताला आपण सवलत देतो आणि परक्याच्या अद्भुताकडून हिशोब मागतो. हा रुचीचा प्रश्न नव्हे. दोन वजने ठेवून माप घालण्याचा प्रकार आहे, आणि त्याला व्यवहारात आपण अप्रामाणिकपणा म्हणतो.

मग अद्भुताला कोणतेच माप लावू नये काय? लावावे, पण ते योग्य हवे. आमच्या मते ते असे: ‘असे घडते काय?’ हा प्रश्न सोडून ‘ह्याची किंमत कोण देतो?’ हा प्रश्न विचारावा. एखाद्या चित्रपटात नायक वीस माणसांना लोळवितो, त्याच्या केसांचा भांगही मोडत नाही, पडलेल्यांसाठी कोणी रडत नाही, आणि पुढच्या दृश्यात बागेत गाणे सुरू होते. त्यात कोणी हवेत उडत नाही. प्रत्येक ठोसा, सुटा घेतला तर, शक्य कोटीतला आहे. तरीही तो चित्रपट असत्य आहे, कारण मारण्याला आणि मरण्याला काही मोल नसते, असे तो सांगतो. असल्या चित्रपटांनी मुले हिंसेला चटावतात, अशी तक्रार आपण करतो, आणि ती रास्त आहे. पण ती अद्भुताविरुद्धची तक्रार नव्हे, फुकट हिंसेविरुद्धची आहे.

ह्या मापाने तो चिनी चित्रपट पुन्हा पाहावा. एका दालनात शू ल्येन आणि जेन ह्यांची लढत होते. शू ल्येन एकामागून एक शस्त्र उचलते आणि ती अजोड तलवार एकेकाचे तुकडे करते. अखेर मोडक्या पात्यानेच ती जेनच्या गळ्याशी पोहोचते, आणि थांबते. त्या थांबण्याचा फायदा घेऊन जेन तिच्या दंडावर वार करते. उत्तम शस्त्र अपक्व हाती गेले तर काय होते आणि क्षमा करणाऱ्याला काय सोसावे लागते, हे त्या एका दृश्यात आहे. शेवटी जेड फॉक्सने सोडलेल्या विषारी सुयांपैकी एक ली मू बायला लागते. जेन त्याच्यासाठी उतारा आणावयास धावते आणि ती परते तोवर उशीर झालेला असतो. ह्या चित्रपटात उडणारी माणसे आहेत. पण कोणाचीही चूक फुकट जात नाही.

आणि ती जेड फॉक्स? तिने ली मू बायच्या गुरूला मारले, कारण त्या गुरूने तिला शय्येपुरते जवळ केले आणि विद्येपुरते दूर ठेवले. तिने विद्येचा ग्रंथ चोरला. परंतु तिला त्यातील अक्षरे वाचता येत नव्हती. नुसत्या आकृत्या पाहून ती जेवढे शिकता येईल तेवढे शिकली. तिची शिष्या जेन हिला अक्षरे येत होती. ती ग्रंथ वाचून गुरूच्या पुढे गेली, आणि ही गोष्ट तिने वर्षानुवर्षे गुरूपासून लपवून ठेवली. वाचता न येणारी गुरू, वाचता येऊन ते लपविणारी शिष्या, आणि ह्या दोघींच्या मुळाशी विद्येचे दार लावून घेणारा तो मोठा आचार्य: ह्या साखळीत विष कोठून शिरले, हा चित्रपटाचा प्रश्न आहे. अक्कांनी तिची एक कडी धरली, नातीने त्यामागची दुसरी.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. एकलव्याने मातीच्या पुतळ्यासमोर बसून धनुर्विद्या आत्मसात केली, हे शक्य आहे काय, ह्यावर आपल्याकडे कोणी वाद घातला नाही. द्रोणाने अंगठा मागितला ते न्याय्य होते काय, ह्यावर मात्र वाद पिढ्यान्पिढ्या चालू आहे. म्हणजे आपल्या घरच्या कथेच्या बाबतीत वाद कोठे घालावा, हे आपल्याला नेमके कळते. एकलव्याने अंगठा दिला. जेड फॉक्सने सूड घेतला. नाकारलेली विद्या ह्या दोन्ही वाटांनी जाऊ शकते. आणखी एक तिसरी वाट आहे, धान्य निवडीत गप्प राहण्याची. तिच्यावर महाकाव्ये लिहिली जात नाहीत. ती बहुतेक घरांत मुकाट्याने चालली जाते.

येथे एक आक्षेप येईल. लोकांची रुची निरनिराळी असते, ज्याचे त्याचे मत. त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न आणून कशाला जड करता? रुची निरनिराळी असते, हे खरेच. ह्या चित्रपटाच्याच बाबतीत पाहा. अमेरिकेत त्याने सुमारे १२.८ कोटी डॉलरचा व्यवसाय केला. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला तेथे तोपर्यंत एवढे यश मिळाले नव्हते. पण ज्यांची ती भाषा, त्या चीनमधील प्रेक्षकांनी त्याचे स्वागत तुलनेने थंडपणे केले. वूश्या चित्रपट पाहत वाढलेल्यांना त्यात नवल वाटले नाही. बांबूच्या वनातील लढत किंग हू ह्या दिग्दर्शकाने ‘अ टच ऑफ झेन’ (१९७१) मध्ये फार पूर्वीच दाखविली होती. शिवाय नायकाचे काम करणारे चाउ युन-फॅट हाँगकाँगचे आणि नायिका मिशेल यो मलेशियाच्या. त्यांच्या मँडरिन उच्चारांचे हेल अनेकांच्या कानांना टोचले. ही मते जवळच्या माणसांची, जाणकारांची होती. ती चूक होती, असे आम्ही म्हणणार नाही.

तथापि उच्चारांची गोष्ट ऐकून आम्ही थोडे थबकलो. पुण्याला लग्नकार्यास गेल्यावर आपण तोंड उघडताच ‘तुम्ही कर्नाटकातले का हो?’ असे ज्यांना विचारले गेले नाही, असा वाचक ह्या पत्रिकेला क्वचितच असेल. आपल्या बोलण्यातील ‘की’ आणि वाक्याच्या शेवटचा हेल तेवढा ऐकावयाचा, आणि बोलणारा काय सांगतो आहे ते राहू द्यावयाचे, ह्यातला अन्याय आपण अंगावर सोसलेला आहे. हेल ऐकू येणे हा कानाचा दोष नाही. हेलापाशी थांबणे हा मनाचा दोष आहे. आम्ही त्या उड्यांपाशी थांबलो, तो दोष ह्याच जातीचा. म्हणून रुची भिन्न असू द्या; पण समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, ही अपेक्षा रुचीची नाही, नीतीची आहे. वकिलाच्या घरात बसून आम्हांला ती आठवू नये, हे विशेष.

दुसरे असे, की मत कोणाचे विचारले जाते, हाही नीतीचाच प्रश्न आहे. ज्याला पुढे सारे जग व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले, त्या कोल्हापूरच्या मुलाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केले. आणि येथल्याच पत्र्याच्या छपराच्या एका चित्रपटगृहात तो दारावर उभा राहत असे. मूकपटांचा तो काळ. अक्षरओळख असलेले प्रेक्षक शेजाऱ्यांसाठी पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचीत. १९२० साली तो बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला आणि ‘सिंहगड’ (१९२३) ह्या मूकपटात शेलारमामा होऊन तलवार घेऊन लढला. हुबळीच्या त्या दारावरच्या पोराला ‘चित्रपट कसा वाटला?’ असे तेव्हा कोणी विचारले असेल, असे आम्हांला वाटत नाही. दारावरच्या माणसाकडे तिकीट द्यावयाचे असते. मत मागावयाचे नसते. पण पडदा आणि प्रेक्षक हे दोन्ही एकाच वेळी दिसतात ते दारावरूनच. अक्कांनाही त्या दिवशी आम्ही मत विचारले नव्हते. त्यांनी ते आपण होऊन दिले, म्हणून आम्हांला मिळाले.

त्या चित्रपटाचे नाव म्हणजे एक जुना चिनी वाक्प्रचार आहे. दबा धरलेला वाघ आणि दडलेला ड्रॅगन म्हणजे सामान्यांच्या मेळाव्यात कोणाच्या ध्यानात न येता वावरणारे असामान्य गुणी. आम्ही नावाचा हा अर्थ त्या दिवशी जाणत होतो आणि चहाच्या वेळी तो मोठ्या ऐटीने सांगितलाही होता. खोलीत मागच्या बाजूला, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या बाईंकडे मात्र तेव्हा आमचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातीला दूरध्वनी करून आमचे वाक्य मागे घेतले. ती हसून म्हणाली, ‘मी ते अक्काआजींना सांगितलंच नव्हतं. बाकी सगळं वाचून दाखवलं, काही लपवलं नाही.’ आता ठरले आहे ते असे, की चित्रपट अर्ध्यावर थांबवून मते द्यावयाची नाहीत, आणि पुढच्या बैठकीत काय पाहावयाचे, ते अक्का सांगतील.